सह्याद्रीचं तोंड कुठाय?

"सर, सह्याद्री ज्वालामुखीतून झाला म्हणता, मग त्याचं तोंड कुठाय?" मुलांना गडांवर न्यायला लागल्यापासून हा प्रश्न चुकत नाही. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

घोळ सगळा फुजीच्या चित्राचा. ज्वालामुखी म्हणजे निमुळता डोंगर आणि माथ्यावर धूर, असं डोक्यात बसलेलं. तसे असतातही. चिकट लाव्हा लांब जात नाही, राख आणि दगड मुखाभोवतीच साचतात आणि उतार उभा होतो. पण हवाईतल्या मौना लोआचा फोटो बघा. पालथी घातलेली ढाल! हाच ढाल ज्वालामुखी. दिसायला इतका लोळलेला, पण उंची 4169 मीटर, आणि समुद्रतळापासून मोजली तर 9 किलोमीटरच्या वर.

थालीपीठ थापावं लागतं, धिरड्याचं पीठ आपलं आपण पसरतं. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, लाव्ह्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) कमी, म्हणून तो पातळ. त्यातले वायू सहज निसटतात, त्यामुळे मोठे स्फोटही सहसा होत नाहीत. धिरड्यावर धिरडं पडत राहतं. हवाई, गॅलापागोस इथे खालून हॉटस्पॉट, म्हणजे पृथ्वीच्या पोटातली साधारण एकाच ठिकाणी राहणारी तप्त जागा, तापवतो. आइसलंडमध्ये शिवाय भूपट्टही, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात.

आणि आपला सह्याद्री? तो ढालही नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला तो मुख्यतः लांबच लांब भेगांतून. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून भिंतीसारख्या सरळसोट टेकड्या जातात ना, तो अशाच भेगांत थिजलेला शिलारस. गडाच्या वाटेवर भोकाभोकांचा दगड उचलून बघा. वाहता लाव्हा गोठताना अडकलेले वायूचे बुडबुडे आहेत ते. काहींत मागाहून झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेत. मुलं ते खिशात घालतात, मी न बघितल्यासारखं करतो.

तरी तोंड दाखवाच म्हणाल, तर एक आहे. ज्या हॉटस्पॉटवर हे सगळं घडलं असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, त्याच्यावरून भारत उत्तरेला सरकला. हॉटस्पॉट मागेच राहिला. आज त्याच्यावर मादागास्करच्या पूर्वेचं रियुनियन बेट आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा 2632 मीटरचा ढाल ज्वालामुखी अजून वरचेवर लाव्हा ओततो.

म्हणून हल्ली कुणी विचारलं की मी समुद्राच्या दिशेला बोट दाखवतो. मुलं बिचारी कोकणात शोधत बसतात.