तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे खाल्लंस तरी काय?

व्हिएतनामला जाऊन आले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अगं, पण खाल्लंस काय?’ विचारताना चेहऱ्यावर कीव. मी शाकाहारी, त्यात मुक्काम हॉटेलात नाही तर मैत्रिणीच्या गावच्या घरी, म्हणजे हाल झालेच असणार. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सगळं सांगते.

गाव थाय बिन्हकडचं. हनोईपासून बसने साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटर, लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशात. सगळा मुलूख भाताचा. १९६० च्या दशकात उत्तर व्हिएतनाममध्ये हेक्टरी ५ टन भात पहिल्यांदा काढला तो याच प्रांताने, आणि ती ‘५ टनां’ची बिरुदावली अजून मिरवतात. १ जुलै २०२५ पासून हा प्रांत शेजारच्या हुंग येनमध्ये विलीन झाला. मैत्रीण मात्र ‘थाय बिन्हची’च आहे, जसे आपल्याकडे जिल्हा बदलला तरी लोक बदलत नाहीत. मी गेले जूनमध्ये. कापणी उरकत आलेली, रस्त्यावरच भात वाळत घातलेला, आणि रिकाम्या खाचरांच्या मधोमध घराण्यांची थडगी.

मी लोणावळ्याची चिक्की नेली होती. मैत्रिणीच्या आजीने दोन्ही हातांनी पुडा घेतला आणि उघडला नाहीच. पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर, आजोबांच्या फोटोपुढे फळांशेजारी ठेवला, उदबत्ती लावली. आधी त्यांना, मग आपल्याला. तासाभराने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, ‘केओ लाक!’ घरात हशा पिकला. शेंगदाण्याची चिक्की तिकडे गल्लोगल्ली मिळते, हनोईत फूटपाथवर हिरव्या चहाबरोबर खातात. एवढ्या लांबून मी त्यांना त्यांचाच खाऊ नेला होता.

आता जेवण. शाकाहाराला तिकडे ‘चाय’ म्हणतात. आणि चहाला म्हणतात ‘चा’, म्हणजे आपल्या गावाकडच्या ‘च्या’चा सख्खा भाऊ. पहिल्या दिवशी मी घोकून ठेवलेलं ‘चाय, चाय’ म्हणत राहिले तर सूर चुकला की काय कोण जाणे, दोनदा चहाच पुढे आला. शेवटी मैत्रिणीने समजावलं. आजीला शाकाहाराचं नवल नव्हतंच. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिकडे बरेच लोक ‘चाय’ खातात, आपल्या एकादशीसारखं. तिने विचारलं, ‘आज पंधरावा आहे का?’ मैत्रीण म्हणाली, नाही, ही रोजच खाते. आजीने मला नीट न्याहाळलं आणि नातीला हळूच विचारलं, ‘पोर मठात जाणार आहे का?’

पण एकदा ‘चाय’ म्हटलं की आजीचे नियम पक्के. पाण्यात वाढणारी पोकळ देठांची भाजी, आपल्याकडची नाळीची भाजी, एरवी चरचरीत लसणीत परततात. माझ्यासाठी लसूण बंद! बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मासात आमच्या आजीने जे केलं तेच ही आजी जूनमध्ये करत होती, आणि मला लसूण जिवापाड आवडते हे सांगायची सोय नव्हती. भाजी नुसती उकडून आली. उकडलेलं पाणी टाकत नाहीत, त्यात ‘साउ’ नावाचं आंबट फळ चेचून सार करतात. फिश सॉसची वाटी माझ्यापासून लांब सरकवली, सोयाबीनचं आंबवलेलं ‘तुआंग’ जवळ.

आणि मग तिने खलबत्ता काढला. भाजलेले शेंगदाणे, भाजलेले तीळ, मीठ. एवढंच. बत्ता हळू टाकत होती, पीठ होऊ न देता, तेल सुटायच्या आत थांबली. बोटावर घेऊन मला चाखायला दिलं. तिखट घातलं असतं तर आमच्या घरची शेंगदाण्याची चटणी. गरम भातावर ते भुरभुरून मी तीन वाट्या भात खाल्ला. वाटी रिकामी दिसली की कुणीतरी भरायचंच, त्यामुळे ‘पुरे’ हा शब्द मी ‘चाय’च्या आधी शिकायला हवा होता.

उपासमार नाहीच. खरी पंचाईत घास उचलायची. चटईवर गोल थाळ्याभोवती सगळे बसले की लहानांनी मोठ्यांना एकेक नातं घेऊन आमंत्रण द्यायचं: आजी, जेवा, काका, जेवा, काकू, जेवा. सहा वर्षांचा भाचा एका दमात सगळी यादी म्हणून मोकळा. मी बापाचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांना हाक वेगळी हे विसरले, मोठ्या काकांना धाकटं केलं. ते खूश झाले. आपल्या पंक्तीतलं ‘सावकाश होऊ द्या’ मला त्या क्षणी फार सोपं वाटलं.

पहाटे पाचला गावाच्या लाउडस्पीकरने उठवलं, ते जाऊ द्या.

निघताना काकांनी ‘बान्ह काय’चा पुडा दिला. थाय बिन्हची खासियत: चिकट तांदूळ, तीळ, शेंगदाणे, आलं, गॅक फळाचा केशरी रंग. बसमध्ये अर्धा पुडा संपवला. मग मैत्रिणीने सहज वेष्टन वाचलं आणि तिचा चेहरा पडला. त्यात साखरेत मुरवलेली डुकराची चरबी असते.

उरलेल्या अर्ध्या पुड्याचं काय केलं, ते मात्र विचारू नका.