ब्रिटनचा बेस्ट बॉक्सिंग ट्रेनर ठरवायचा तर बेल्ट मोजू नका

ब्रिटनमधला सगळ्यात भारी बॉक्सिंग ट्रेनर कोण हा वाद सुरू झाला की लोक पहिलं काम काय करतात, तर कोणाच्या जिममधून किती वर्ल्ड चॅम्पियन निघाले ते मोजायला बसतात. मला हे अजिबात पटत नाही. ऑलिम्पिक गोल्ड घेऊन प्रो झालेला पोरगा कोणाच्याही हाती दिला तरी पहिल्या दहा-पंधरा फाइट तो मारणारच, प्रमोटरने समोरची माणसंच तशी निवडलेली असतात, आणि मग बेल्ट आला की ट्रेनरचे फोटो सगळीकडे. आयत्या बिळावर नागोबा. ज्याने त्याच पोराला शाळेच्या वयात गार्ड धरायला शिकवलं तो क्लबचा कोच कोणाच्या यादीत नसतो. जॉर्ज ग्रोव्ह्ज आणि जेम्स डिगेल हे दोन बॉक्सर, दोघंही लंडनच्या एकाच क्लबचे, डेल यूथचे, 2011 मध्ये लंडनच्या ओटू अरीनात एकमेकांशी भिडले तेव्हा दोन जजेसनी फक्त एका पॉइंटने ग्रोव्ह्जला दिली आणि तिसऱ्याने बरोबरी दिली, पुढे दोघंही वर्ल्ड चॅम्पियन झाले. आता त्या क्लबच्या कोचचं नाव किती जणांना सांगता येईल?

म्हणून माझा हिशोब साधा आहे. ट्रेनरकडे आला तेव्हा बॉक्सर काय होता आणि त्याच्या हाताखाली काय झाला, बस. त्यातही हरलेल्या माणसाचं काय केलं हे जास्त महत्त्वाचं.

या हिशोबाने माझ्यासाठी ब्रेंडन इंगल सगळ्यांच्या वर. मूळचा डब्लिनचा माणूस, शेफील्डच्या विंकोबँक भागात जिम चालवायचा, आणि जिमच्या जमिनीवर रंगाने रेघा मारलेल्या. नवीन पोरगं आलं की आधी बॅगला हात लावायचा नाही, त्या रेघांवर पाय टाकत पुढे-मागे जायचं, डावा पाय पुढे, मग उजवा पुढे, असं करत करत दोन्ही स्टान्स, म्हणजे उभं राहायच्या पद्धती, अंगात भिनेपर्यंत तेच. स्पारिंगमध्ये डोक्यावर मारायचं नाही, फक्त बॉडी, त्यामुळे बारकं पोरगंसुद्धा चॅम्पियनसोबत रिंगमध्ये उतरू शकायचं आणि रोज आपल्यापेक्षा भारी माणसाला चुकवायला शिकायचं. हात खाली, कंबर मागे, भलत्याच अँगलने पंच, ही जी इंगल स्टाइल म्हणतात ती इथून आली, आणि हात वर ठेवून ताठ उभं राहणाऱ्या जुन्या ब्रिटिश स्टाइलवाल्यांना ती बघवत नसे.

इंगलचं नाव काढलं की सगळे नसीम हमेदवर जातात. सातव्या वर्षी जिममध्ये आलेला पोरगा, 1995 मध्ये कार्डिफला स्टीव्ह रॉबिन्सनला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर खेळवून खेळवून हरवलं, सगळं खरं. पण मला विचाराल तर इंगलचा खरा पुरावा जॉनी नेल्सन आहे. हा माणूस पहिल्या तीनही प्रो फाइट हरला होता. 1990 मध्ये शेफील्डलाच कार्लोस डी लिऑनसमोर वर्ल्ड टायटलची संधी मिळाली तर इतका घाबरून लढला की फाइट ड्रॉ झाली आणि ब्रिटनमधल्या सगळ्यात कंटाळवाण्या टायटल फाइटमध्ये अजून तिचं नाव घेतात. दुसऱ्या एखाद्या ट्रेनरने त्याला तिथेच नमस्कार केला असता. इंगलने ठेवला, आणि 1999 मध्ये तोच नेल्सन डब्ल्यूबीओ या संघटनेचा क्रूझरवेट (हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचा) वर्ल्ड चॅम्पियन झाला, 13 वेळा टायटल राखलं आणि रिंगमध्ये ते कोणी त्याच्याकडून घेऊच शकलं नाही. 1998 मध्ये नसीम इंगलला सोडून गेला आणि 2001 मध्ये मेक्सिकोच्या बरेराकडून हरला, याला काही लोक इंगलच्या मोठेपणाचा पुरावा म्हणतात, मला ते जरा सोपं गणित वाटतं, त्या रात्री बरेरा इतका शिस्तीत लढला की नसीमच्या कॉर्नरमध्ये ट्रेनर म्हणून कोणीही असतं तरी अवघडच होतं.

एन्झो कॅल्झागीबद्दल थोडक्यात. सार्डिनियाचा, मूळचा संगीतवाला, स्वतः कधी बॉक्सर नव्हता, त्यामुळे सगळं टॅलेंट त्याच्या पोराचं, जो कॅल्झागीचं, बाप नुसता टॉवेल धरून उभा, असं वर्षानुवर्षं ऐकवलं त्याला. ठीक आहे, जो कॅल्झागी 46-0 राहिला, म्हणजे 46 फाइटमध्ये एकही हार नाही, त्यात जोचं टॅलेंट आहेच. पण 2007 मध्ये वेल्समधल्या त्या छोट्याशा जिममध्ये जोसोबत एन्झो मॅकारिनेली आणि गॅव्हिन रीस असे तीन वर्ल्ड चॅम्पियन एकाच वेळी होते, ते तिघंही काय त्याचेच पोरगे होते का?

आता दोन राउंडच्या मधे ट्रेनरला कॉर्नरमध्ये मिळणाऱ्या त्या एका मिनिटाबद्दल. पॅड धरण्याचे व्हिडिओ बघून ट्रेनर ठरवणाऱ्यांनी केल ब्रूक विरुद्ध गोलोव्हकिन पुन्हा बघावी, सप्टेंबर 2016, ओटू. ब्रूक मिडलवेट चॅम्पियन गोलोव्हकिनशी लढायला दोन वजनगट वर आला होता, तेव्हा तोही अनबीटन, आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याने गोलोव्हकिनला असे काही पंच मारले की अख्खं अरीना उभं राहिलं. पण त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं होतं, एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं. पाचव्या राउंडमध्ये डॉमिनिक इंगलने, ब्रेंडनच्या मुलाने, टॉवेल टाकला, म्हणजे आपला माणूस हरला असं मान्य केलं. ब्रूक पायावर उभा, वैतागलेला, पब्लिक शिट्ट्या मारतंय, आणि हा माणूस रिंगमध्ये चढून फाइट थांबवतोय! माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या ब्रिटिश कॉर्नरमधल्या सगळ्यात धाडसी निर्णयांपैकी हा एक, कारण थांबवलं म्हणून शिव्या लगेच मिळतात आणि वाचलेला डोळा कोणी मोजत नाही. पुढच्या वर्षी स्पेन्सविरुद्ध ब्रूकचं दुसऱ्या डोळ्याखालचं हाड मोडलं, ते वेगळंच दुखणं.

सध्याच्या लोकांत मी शेन मॅकगिगनला पहिला ठेवतो. जुना वर्ल्ड चॅम्पियन बॅरी मॅकगिगनचा मुलगा म्हणून त्याला सगळं ताटात मिळालं असं बोलतात, असेल, पण ग्रोव्ह्ज त्याच्याकडे आला तेव्हा तीन वर्ल्ड टायटल फाइट हरून आला होता आणि 2017 मध्ये चौथ्या संधीला चुडिनोव्हला हरवून टायटल जिंकला. त्याहून मजेशीर केस बोर्नमथची, मे 2023. लॉरेन्स ओकोली आधी शेनकडेच होता, चॅम्पियनही तिथेच झाला, मग सोडून गेला, आणि नंतर त्याची फाइट आली ती शेनच्याच ख्रिस बिलम-स्मिथशी, जो ओकोलीचा जुना स्पारिंग पार्टनर. ओकोली उंच, लांब हात, लांबून एक उजवा टाकतो आणि लगेच मिठी मारतो, हे शेनइतकं कोणाला माहीत असणार? बिलम-स्मिथ त्या मिठीत अडकून न राहता आतल्या आत ठोसे लावत राहिला, ओकोली तीनदा खाली पडला आणि बेल्ट गेला. बिलम-स्मिथ काही जन्मजात सुपरस्टार नव्हे, 2019 मध्ये रियाकपोरेकडून हरलेला, त्याचाही हिशोब त्याने 2024 मध्ये चुकता केला. शेनला सोडून जाणाऱ्यांची यादीही मोठी आहे, फ्रॅम्प्टन, जॉश टेलर, पण या धंद्यात ते चालतंच.

ट्रेनर जो गॅलहरला मी खूप वर ठेवतो ते त्याच्याकडच्या स्मिथ भावांमुळे नाही, त्याच्याच अँथनी क्रोला या बॉक्सरमुळे. डिसेंबर 2014 मध्ये चोरांच्या मागे धावताना क्रोलाची कवटी फ्रॅक्चर झाली, घोटा मोडला, आणि वर्षभरात तो पेरेझला बॉडी शॉटने पाडून लाइटवेट चॅम्पियन.

ट्रेनर बेन डेव्हिसनवर माझं मत अजून बनलेलं नाही. टायसन फ्युरीचं प्रचंड वजन उतरवून त्याला 2018 मध्ये हेवीवेट चॅम्पियन वाइल्डरसमोर उभं केलं हे मोठंच काम, पण 2024 ला वेम्बलीत तो जोशुआच्या कॉर्नरमध्ये होता आणि समोर डॅनियल डुबॉइससोबत त्याचा ट्रेनर डॉन चार्ल्स. डुबॉइस म्हणजे तोच, ज्याला जॉइससमोर गुडघा टेकला म्हणून लोकांनी पळपुटा ठरवलं होतं, आणि 2023 मध्ये उसिककडून हरल्यावर ते सगळं पुन्हा सुरू झालं होतं. चार्ल्सने त्याला धीर दिला की जॅब सुधारला हे बाहेरून सांगणं कठीण, पण जोशुआ पहिल्याच राउंडमध्ये खाली गेला आणि पाचव्यात संपला. एवढ्या एका रात्रीवर मी चार्ल्सला डेव्हिसनच्या वर ठेवतो, आणि डेव्हिसनवाल्यांनी यावर खुशाल भांडावं.