अव्हेन्यू माँतेनवर मावशी

शनिवार, रात्री साडेदहा. पाय मोडून आलेत, पण आज लिहून टाकते.

मावशीला पॅरिसमध्ये काय दाखवायचं हा प्रश्नच होता. आयफेल टॉवर तिने खालूनच बघितला आणि "झालं बघून" म्हणाली. म्हणून आज तिला ३०, अव्हेन्यू माँतेनला नेलं. दियोर या फॅशनच्या कंपनीचं मूळ घर तिथलं. २०२२ पासून तिथे त्यांचं संग्रहालय आहे. नाशकात तीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या बाईला हे तरी रुचेल, असं वाटलं.

'बार' सूटपाशी ती थांबली ती हलेचना. हस्तिदंती रेशमी जाकीट, खाली काळा चुण्याचुण्यांचा घेरदार स्कर्ट. १२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिस्तियाँ दियोरने तो पहिल्यांदा लोकांपुढे आणला. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, कापडाची टंचाई होती, आणि याच्या एकेका झग्याला वारच्या वार कापड. (भांडवल मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्याचं. त्याचं काय जात होतं!) मोंमार्त्रच्या बाजारात असे झगे घालून फोटोला उभ्या राहिलेल्या मॉडेलवर तिथल्या बायका चिडून धावून गेल्या होत्या, तेही मी सांगितलं. मावशीचं लक्षच नव्हतं. "कुल्ल्यांवर आतून भर घातलाय," ती म्हणाली. "तिथे फुगवलं की कंबर आपोआप बारीक दिसते. हुशार आहे मेला."

पुढची खोली सगळी पांढरी, वरपर्यंत नुसते कोरे झगे. महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी नमुना साध्या सुती कापडात बेतून बघतात, त्याला इथे 'त्वाल' म्हणतात. मी हे समजावून सांगेपर्यंत मावशी ओरडलीच, "अगं, हे तर मांजरपाट!" मग खालच्या आवाजात, "आम्ही याची पायपुसणी केली."

दियोर १९५७ मध्ये गेला. घर जेमतेम दहा वर्षांचं, आणि गादीवर आला एकवीस वर्षांचा सँ लोराँ. पुढे इटलीचा फेरे, इंग्लंडमध्ये वाढलेला गॅलियानो, बेल्जियमचा राफ सिमन्स, परत इटलीची क्युरी, आणि आता उत्तर आयर्लंडचा जोनाथन अँडरसन. गाण्यातल्या घराण्यासारखंच हे. फक्त इथे गुरूचा सहवास न लाभलेलेही त्याच्याच नावाने गातात. मग यात फ्रेंच म्हणायचं तरी कोणाला? मला वाटतं, वरच्या मजल्यांवर सुया घेऊन बसलेल्या बायकांना. त्यांना 'पतीत मँ' म्हणतात, म्हणजे इवले हात. (मावशीला 'पतित' ऐकू आलं. खुलासा करताना माझी पुरेवाट झाली.) पण तेही पूर्ण खरं नाही. क्युरीच्या काळातलं कितीतरी भरतकाम मुंबईत, चाणक्य नावाच्या भरतकामाच्या कारखान्यातल्या कारागिरांनी केलं. ३० मार्च २०२३ ला गेटवेसमोर शो झाला, तेव्हा कमानीवर त्यांच्याच हातचं भलंमोठं तोरण होतं. गळ्यामागच्या पट्टीवर मात्र एकच नाव. हे मला खुपतं. आणि तरी काचेआडचं ते जाकीट बघताना मीही श्वास रोखला होता, हेही खरंच.

बाहेरच्या दुकानात लिपस्टिकला गर्दी. आम्ही काही घेतलं नाही.

मेट्रोत मावशी बराच वेळ गप्प. मग एकदम म्हणाली, "मुंढा किती वर घेतलाय बघितलंस? हात उचलला तरी जाकीट वर ओढलं जाणार नाही." पेन मागितलं. माझ्याकडे नव्हतं, समोर बसलेल्या मुलाने दिलं. माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेत तिने बाही काढली, खोडली, पुन्हा काढली. आमचं स्टेशन मागे गेलं.