फोनवर सांगता येईल असं वाक्य

त्या रात्री आमच्या वृत्तवाहिनीच्या डेस्कवर माझी पाळी होती. ११ वाजून १० मिनिटांनी पूर नियंत्रण कक्षाचा संदेश ग्रुपवर पडला : धरणाचा विसर्ग ४० हजारांवरून ७५ हजार क्युसेक. मी लगेच पडद्याखाली सरकणारी पट्टी टाइप केली. 'विसर्ग ७५ हजार क्युसेकवर, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.' सोडून दिली आणि पुढच्या बातमीला लागले. अशा पट्ट्या लिहायला डोकं लागत नाही, बोटांनाच पाठ असतात.

पंधराएक मिनिटांनी डेस्कचा फोन वाजला. बाईंचा आवाज होता, अगदी शांत. "तुमची पट्टी बघितली. मी शहरात असते, आईवडील गावी, नदीला लागूनच. तिथं लाइट गेलीय, टीव्ही बंद आहे. मी त्यांना फोन करणार आहे. काय सांगू?"

मी म्हणाले, "सतर्क राहायला सांगा."

"म्हणजे काय करायला सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "पाणी आमच्याकडे किती वाजता येईल?" तेही मला ठाऊक नव्हतं. कळवते म्हणाले, नंबर घेतला आणि फोन ठेवला. नऊ वर्षं हे काम करतेय. इतक्या वर्षांत मी किती वेळा 'सतर्क' लिहिलं असेल, पण सतर्क झालेला माणूस अंथरुणातून उठून नेमकं काय करतो, हा विचार कधी मनात आला नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट त्या फोनमुळे कळली. ज्यांच्यासाठी आपण इशारा देतो असं समजत होतो, ते आमचं चॅनेल बघतच नव्हते. पुराच्या आधी वीज जाते, कधी मुद्दाम बंद करतात. बघत होती ती दूर शहरात जागी असलेली मुलं, आणि ती गावाकडे फोन लावत होती. म्हणजे माझी पट्टी वाचण्यासाठी नव्हती, कुणीतरी ती फोनवर पुढे सांगावी यासाठी होती. आणि 'विसर्ग ७५ हजार क्युसेक' हे वाक्य कुठली मुलगी झोपेतून उठवलेल्या आईला सांगेल?

नियंत्रण कक्षाला फोन लावला. सहाव्या वेळी लागला. रात्रपाळीचे अभियंते आधी वैतागले. "मॅडम, आकडा दिलाय ना?" मी म्हणाले, "आकडा आहे, पण तो गावात कधी पोचतो ते सांगा." मग मात्र ते माणसासारखे बोलू लागले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ७५ हजार म्हणजे सेकंदाला एकवीस लाख लिटरच्या आसपास, दहा हजार लिटरचे दोनशेहून जास्त टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे करावेत तसं. पण हे पाणी एका झटक्यात खाली पोचत नाही. नदीचा उतार, वळणं, मधे मिळणारे ओढे यावर ते ठरतं. ११ वाजता वाढवलेला विसर्ग मोठ्या पुलापाशी यायला त्यांच्या अंदाजाने सहा ते सात तास. पुलाआधीच्या सखल वस्तीत पाणी त्याच्या तासभर आधी शिरेल. "मधे पाऊस वाढला तर लवकर. छातीठोक सांगता येणार नाही."

मी पट्टी बदलायला घेतली : 'पहाटे ५ पर्यंत सखल वस्तीत पाणी शिरण्याची शक्यता. त्याआधी उंचावर जा. आईवडिलांना आत्ता फोन करा.' आमचे रात्रीचे संपादक खुर्ची ओढून शेजारी बसले. "वेळ लिहू नकोस. पाचला पाणी आलं नाही तर उद्या आपण खोटे. तीनला आलं तर आपण खुनी." त्यांचं चुकत नव्हतं. नंतर मनाशी मान्य केलं, की माझ्याही बोटांना 'सतर्क' पाठ झालं होतं ते याच भीतीतून. त्या शब्दात कुणी चुकत नाही.

मी त्यांना जपानची गोष्ट सांगितली. कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेली, तोवर कधी उपयोगाला आली नव्हती. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला. पहिल्या अंदाजात इवाते आणि फुकुशिमा किनाऱ्यांसाठी ३ मीटर उंची दिली होती. पुढे ती वाढवत नेली, पण तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती. ज्यांनी ३ मीटर ऐकलं त्यांच्यातल्या कित्येकांपर्यंत नवा आकडा पोचलाच नाही. म्हणून २०१३ पासून तिथल्या हवामान संस्थेने अशा महाभूकंपांच्या पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा टाळून 'प्रचंड' असा शब्द वापरायचं ठरवलं. आणि तिथली सार्वजनिक वाहिनी एनएचके, तिच्या निवेदकांनी शांत, सभ्य सूर सोडून दिला. १ जानेवारी २०२४ ला जपानमधल्याच नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपानंतर त्यांची निवेदिका जवळजवळ ओरडत होती, आत्ता पळा, मागे फिरू नका. माझं म्हणणं एवढंच होतं, की तो आवाज ऐकून कुणाला आकडा समजून घ्यायची गरज पडली नसेल.

संपादक म्हणाले, "मग तूही आकडा काढतेयस, वेळ घालतेयस. वेळ हाही आकडाच ना?" बरोबर होतं. पण तो आकडा घड्याळात दिसतो, उरलेला वेळ बोटांवर मोजता येतो. शेवटी 'नियंत्रण कक्षाचा अंदाज' एवढे तीन शब्द घालायचे ठरले आणि पट्टी गेली. पावणेबारा वाजले होते. त्या बाईंना लगेच फोन केला. "पाचपर्यंत? मग आत्ता काढते त्यांना," म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

साडेबाराला दुसरंच लचांड उभं राहिलं. एक ध्वनिफीत मोबाइलवर फिरू लागली : धरण फुटलं, पळा. फोन पेटले. आमच्या एका सहकाऱ्याने पट्टी तयार केली, 'धरण फुटल्याची अफवा, विश्वास ठेवू नका.' मी थांबवली. सरकत्या पट्टीत पहिले दोन शब्द डोळ्यात भरतात आणि ते 'धरण फुटल्याची' होते. अर्धझोपेत त्यापुढचं कोण वाचतं? मी हुशारी केली आणि लिहिलं, 'धरण सुरक्षित आहे.'

ही माझी चूक होती. वीस मिनिटांत फोन येऊ लागले : धरण सुरक्षित म्हणताय, मग घर सोडायचं कशाला? एकाने तर भरलेली गाडी परत रिकामी केली होती. धीर देण्याच्या नादात मी माझीच आधीची पट्टी पुसून टाकली होती.

इटलीतल्या लाक्विलाची आठवण तेव्हा आली. २००९ मध्ये तिथे आठवडेच्या आठवडे लहान धक्के बसत होते. लोक घाबरले म्हणून नागरी संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने टीव्हीवर धीर दिला, की धोका नाही. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि त्या अधिकाऱ्याला २०१२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन राहिली. कोर्टाने काय ठरवलं हा वेगळा वाद. मला मात्र तिथले रात्री अंगणात झोपणारे लोक दिसत होते, जे 'धोका नाही' ऐकून आत गेले असतील.

मग क्रम उलटा केला. आधी 'पाणी येतंय, पाचच्या आत उंचावर जा', आणि मग 'दरवाजे ठरवून उघडले आहेत, धरण फुटलेलं नाही'. लांबलचक होती, पण फोनवर वाचून दाखवता येत होती. मी स्वतः मोठ्याने वाचून बघितली. पुरी होईपर्यंत एका दमात वाचता आली, तेव्हाच सोडली.

दोनच्या सुमाराला पुलापाशी असलेल्या आमच्या बातमीदाराचा फोन आला. त्याचा राग ऐकू येत होता. "पूल बुडाला असं तुम्ही दाखवताय. इथे लोक गाड्या वळवून परत गावाकडे चाललेत. पूल उघडा आहे, मी त्याच्यावर उभा आहे!" पडद्याकडे बघितलं. चौकटीत पुलावरून पाणी वाहत होतं. मागच्या पुराची चित्रं. जागा भरायला मीच रात्री अकराला काढून दिली होती, आणि कोपऱ्यात 'संग्रहित' लिहायचं राहिलं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण घराबाहेर पडलेल्या माणसाला आमच्या चौकटीने परत घरात ढकललं होतं. चित्र काढून टाकलं आणि बातमीदाराला पुलावरून थेट उभं केलं. तो विजेरीचा झोत कठड्यावर टाकून दाखवत होता : बघा, रस्ता कोरडा आहे, आत्ता या.

फिलिपिन्सच्या टॅक्लोबानमध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाच्या आधी इशारे दिले होते. 'स्टॉर्म सर्ज' हा शब्द वापरला होता. पण त्याचा अर्थ किनाऱ्यावर समुद्र चालून येणार असा आहे, हे बऱ्याच जणांना कळलंच नाही. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो, असं जीव वाचलेल्यांनी पुढे सांगितलं. त्या वादळात सहा हजारांहून अधिक लोक गेले. तिथे शब्द अनोळखी होता. आमच्याकडे शब्द बरा झाला तर चित्र खोटं निघालं.

पाणी पाचला आलं नाही. सखल वस्तीत सहा वाजून दहा मिनिटांनी शिरलं. तोवर बहुतेक घरं रिकामी होती, अशी बातमी सकाळच्या पहिल्या बुलेटिनला आली. एका गृहस्थांचा फोन आला, तासभर आधी म्हाताऱ्या आईला पावसात उभं केलंत म्हणून. मी सॉरी म्हणाले. त्या बाईंचा फोन परत आला नाही, आणि तो नंबर मी कागदाच्या कपट्यावर लिहिला होता, तो सकाळच्या आवराआवरीत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळीवर आले तेव्हा पावसाचा जोर ओसरला होता. दुसऱ्या नदीवर विसर्ग वाढवल्याचा संदेश आला होता आणि दुपारच्या सहकाऱ्याने पट्टी लावून ठेवली होती : 'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.' मी ती उतरवली आणि नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवला. या वेळी तिसऱ्याच प्रयत्नाला लागला.