पिंग जातंय, मग चित्र का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. प्रश्न ठरलेला असतो: "राऊटरच्या दोन्ही बाजू एकमेकांना पिंग होतायत, इंटरनेट चालतंय, मग मल्टिकास्ट तेवढं पलीकडच्या इंटरफेसवर का जात नाही? आणि त्याला अख्खा दिवस कशाला लागतो?"

पिंगचा, म्हणजे 'आहेस का?' विचारणाऱ्या चाचणीच्या पॅकेटचा, इथे काहीच पुरावा होत नाही. ते एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर जातं, कुठला पत्ता कुठल्या बाजूला हे सांगणारं रूटिंग टेबल त्याला पुरतं. मल्टिकास्ट म्हणजे एकदाच पाठवून गटातल्या सगळ्यांना पोचवणं; त्या गटाच्या पत्त्याला ते पुरत नाही. लिनक्सवर आयपी फॉरवर्ड 1 केलंत, म्हणजे पॅकेटं पुढे पाठवायची सोय चालू केलीत, तरी मल्टिकास्ट जागचं हलत नाही. एसएमसीराऊट किंवा पिमडीसारखा डिमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, चालवावा लागतो. आणि पॅकेट कुठे गळालं तर निरोप येत नाही. मल्टिकास्टच्या पॅकेटबद्दल पाठवणाऱ्याला त्रुटी कळवायचीच नाही, असा नियमच आहे. मग एकेक दार स्वतः जाऊन बघण्याशिवाय इलाज काय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याचं सांगतो. लूमच्या शेडमधल्या एन्कोडरचं, म्हणजे व्हिडिओ नेटवर्कवर पाठवणाऱ्या यंत्राचं, चित्र ऑफिसच्या पडद्यांवर हवं होतं. शेड राऊटरच्या ईथ वन पोर्टवर, ऑफिस ईथ टूवर, तिसऱ्या पोर्टला इंटरनेटचा मोडेम. मे महिना, वर पत्रा. शेडमधल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावला तर ईथ वनवर पॅकेटं धो धो येतायत, टीटीएलही, म्हणजे पॅकेटला किती राऊटर ओलांडता येतील तो आकडाही, 1 नाही, 16 आहे. ईथ टूवर एकही नाही.

"अहो, पिंग जातंय की," मालक म्हणाले. मग कामगारांसमोरच मॅनेजरला म्हणाले, "पुण्याहून कुणी येतंय का बघा." ते अजून बोचतं.

पॅकेटच्या मूळ पत्त्याकडे नीट पाहिलं तेव्हा उलगडलं. एन्कोडर कंपनीतून आला तसाच, 192.168.1 च्या पत्त्यावर बसलेला. मोडेमची बाजूही 192.168.1 चीच. राऊटरच्या हिशेबाने हा पत्ता मोडेमकडून यायला हवा, तो शेडकडून आला, म्हणून पत्ता योग्य बाजूने आला का हे तपासणारा आरपी (रिव्हर्स पाथ) फिल्टर त्याला गुपचूप फेकून देत होता. नेटवर्कचे आकडे दाखवणाऱ्या एनस्टॅटमध्ये रिव्हर्स पाथ फिल्टरचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. ईथ वनच्या फिल्टरला सैल, म्हणजे 2, लिहिलं आणि चित्र आलं.

चहा आला. मालक मोकळे हसले. चार-साडेचार मिनिटांनी सगळे पडदे काळे.

तो चहा मी तसाच ठेवला. 260 सेकंद हा आकडा मात्र ओळखीचा होता. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे गटात कोण आहे ते ऐकून तेवढ्यांनाच चित्र देणं, चालू, पण "गटात अजून कोण आहे?" असं दर 125 सेकंदांनी विचारणारा क्वेरियर कुठेच नाही. राऊटरवर चालवलेला एसएमसीराऊट ते काम करत नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून पडद्यांनी उत्तर दिलं नाही, आणि मुदत संपताच स्विचने त्यांची नावं कापली. ऑफिसच्या स्विचवर क्वेरियर चालू केला. त्यानंतर पडदे काळे झाले नाहीत.

म्हणजे दोन वेगवेगळे दोष, दोन्ही मुके, आणि पहिला निघाल्याशिवाय दुसरा दिसणंच शक्य नाही. दिवस तिथे जातो.

कुणी म्हणतं, थोड्याच पडद्यांसाठी मल्टिकास्ट हवं कशाला, प्रत्येकाला युनिकास्टने वेगळा प्रवाह द्या. पूर्वी मी यावर तावातावाने भांडायचो: पडदे वाढले की एन्कोडर दमेल, मल्टिकास्टमध्ये तो एकदाच पाठवतो. हे खरंच आहे. पण तिथे पडदे वाढलेले नाहीत, हेही खरं. पुन्हा तेच काम आलं तर काय सांगेन, माझं ठरत नाही.

आणि तो 2. खरा उपाय एन्कोडरचा पत्ता बदलणं हा होता. मशीन देणाऱ्याने वॉरंटी जाईल म्हणून हात लावू दिला नाही. मोडेमच्या पोर्टवर मी 1 कडकच ठेवला. त्यासाठी 'ऑल' या सगळ्या पोर्टांच्या सामाईक सेटिंगमध्ये 2 टाळला, कारण ती आणि पोर्टची स्वतःची, या दोन्हींतला मोठा आकडा चालतो आणि तिथे 2 लिहिला असता तर मोडेमचं पोर्टही सैल झालं असतं. तरी शेडकडून कुणी खोटा पत्ता लावून आलं, तर राऊटर त्याला आता अडवणार नाही. मालकांना हे मी लेखी दिलंय. पत्ता अजून बदललेला नाही.