सगळ्यांची नावं वाचली जायची

तास चालू असताना दारात शिपाईकाका दिसले आणि त्यांच्या हातात ती लांबट, लाल पुठ्ठ्याची सूचनेची वही असली, की वर्गाचं लक्ष फळ्यावरून उडायचं. बाई खडू ठेवायच्या, वही उघडायच्या, आधी मनात वाचायच्या. तेवढ्या क्षणभरात आम्ही त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायला बघायचो: फी भरायची आठवण आहे, की काहीतरी चांगलं आहे? मग त्या मोठ्याने वाचायच्या. "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की..." या सरकारी सुरुवातीनंतर आमच्या वर्षातलं जवळजवळ प्रत्येक सुख आलं. हादगा, वनभोजन, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, तिळगूळ, निरोप समारंभ. खाली बाईंची सही, आणि वही पुढच्या वर्गात.

आमची शाळा वाईची. वाईत मोठ्या, जुन्या, नावाजलेल्या शाळा आहेत. आमची त्यांच्यापुढे अगदी लहान. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावरच्या एका वाड्यात भरणारी, खासगी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. मैदान म्हणजे वाड्यामागचं परसू. मोठ्या शाळेतल्या मुलांचा हेवा वाटायचा, कारण त्यांच्याकडे बँडपथक होतं आणि खो-खोचे खांब कायमचे रोवलेले होते. पण संमेलनाच्या बाबतीत मला त्यांचा हेवा कधी वाटला नाही. तिथे निवड व्हायची. आमच्याकडे निवड करायला मुलंच पुरत नव्हती. नाचायला येणारी, न येणारी, तोतरं बोलणारी, बुजरी, सगळी स्टेजवर लागायची. आज इतक्या वर्षांनी मी छोट्या शाळांची बाजू घेऊन भांडते ती याच एका कारणासाठी.

वर्षाची सुरुवात भाषणांनी व्हायची. जूनमध्ये शाळा उघडायची, पावसाने वाड्याच्या भिंतींना ओल यायची आणि 1 ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेची सूचना यायची. लोकमान्यांची पुण्यतिथी. निम्म्या मुलांची भाषणं शेंगांच्या टरफलांवरून सुरू व्हायची, आणि तरीही प्रत्येक वेळी टाळ्या पडायच्या. आमच्या मराठीच्या बाईंनी एका वर्षी सांगितलं, की ज्या दिवशी, 1 ऑगस्ट 1920 ला, मुंबईत टिळक गेले, त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. वाटेगाव आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात. तेव्हापासून आमच्या शाळेत त्या दिवशी टेबलावर दोन फोटो लागले आणि दोन्हीवर भाषणं होऊ लागली. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस इतकं लिहून गेला, हे ऐकून मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा स्वतःहून नाव द्यायला पुढे आली. ते मला फार आवडलं होतं, अजून आवडतं.

15 ऑगस्टची प्रभातफेरी, 5 सप्टेंबरला दहावीच्या ताईंनी साड्या नेसून घेतलेले तास, गणपतीची सुट्टी, हे भराभर जायचं. मग सूर्य हस्त नक्षत्रात शिरला, की हादगा. घरोघरी तो सोळा दिवस चालायचा. शाळेत एकच दिवस, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. चित्रकलेचे सर फळ्यावर रंगीत खडूंनी समोरासमोर दोन हत्ती काढायचे, सोंडेत माळा दिलेले. आम्ही कवंडळं, भेंडी, तोंडली, मक्याची कणसं, जे मिळेल ते सुतळीत ओवून फळांची माळ करायचो आणि हत्तींवर टांगायचो. फेर धरायला मुलीच, पण मुलगे घरी जायचे नाहीत, कारण खिरापत. प्रत्येक वर्गाची एक खिरापत, झाकलेल्या डब्यात, आणि ती ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. डबा हलवून आवाज ऐकवायचा. खडखड वाजलं तर लाडू किंवा शंकरपाळे, गप्प राहिलं तर शिरा किंवा वाटली डाळ. एका वर्षी आठवीच्या मुलींनी भिजवलेल्या हरभऱ्यांची उसळ आणली आणि ती कोणालाच ओळखता येईना. सगळे गोडावरच अडून बसले होते. शेवटी शिपाईकाकांनी नुसत्या वासावरून सांगितलं. पहिला द्रोण त्यांना मिळाला.

दिवाळीनंतर थंडी पडली, की वनभोजन. चालत मेणवलीला. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या पिछाडीला कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या देवळाशी टांगलेली ती अवाढव्य घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून अशा घंटा देशावर आल्या, त्यातली ही एक, असं इतिहासाचे सर दर वर्षी सांगायचे आणि आम्ही दर वर्षी तितक्याच आश्चर्याने ऐकायचो. तिथे वडाच्या सावलीत तीन दगडांच्या चुली मांडून पिठलं व्हायचं. भाकऱ्या घरून. कांदा बुक्कीने फोडायचा. पिठल्याच्या मोठ्या पातेल्यात धूर शिरलेला असायचा आणि ती चव घरच्या पिठल्याला कधीच येत नाही.

पण खरं वर्ष सुरू व्हायचं ते स्नेहसंमेलनाच्या सूचनेने. आम्ही सगळे गॅदरिंगच म्हणायचो. स्नेहसंमेलन फक्त पत्रिकेवर. सूचनेत तारीख असायची आणि त्याखाली, "नाव देण्यासाठी वर्गशिक्षकांना भेटावे." त्या दिवसापासून शाळेचा आवाज बदलायचा. मधल्या सुट्टीत जिन्याखाली टेपरेकॉर्डर लागायचा. कॅसेट पेन्सिलीने फिरवून गाणं नेमक्या ठिकाणी आणून ठेवणं ही एक विद्या होती आणि ती येणाऱ्या मुलाला सगळ्या वर्गात मान होता. कोळीनृत्याला साड्या कुणाच्या, शेतकरी नृत्याला घोंगड्या कुणाच्या, घुंगरू कुठून, याच्या याद्या व्हायच्या. आज्यांच्या पेटीतल्या नऊवारी बाहेर निघायच्या. वाण्याकडून पुठ्ठ्याची खोकी यायची, त्यातून तलवारी आणि ढाली कापल्या जायच्या, त्यावर चंदेरी कागद. जिरेटोप आणि दाढीमिशा मात्र साताऱ्याच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने.

स्टेज म्हणजे परसातल्या मांडवात एकाला एक बांधलेली टेबलं, त्यावर सतरंज्या. मोठा नाच सुरू झाला की टेबलं सरकू लागायची. म्हणून दहावीची चार दणकट मुलं स्टेजच्या चार कोपऱ्यांना बसून टेबलांचे पाय धरून ठेवायची. प्रेक्षकांना ती दिसायची नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापक त्यांना पुढे बोलवायचे आणि नाच करणाऱ्यांच्या बरोबरीने त्यांचीही नावं घ्यायचे.

नावं घेण्याबद्दलच मला खरं सांगायचं आहे. संमेलनात पाहुण्यांच्या भाषणाआधी मुख्याध्यापक वर्षाचा अहवाल वाचायचे. पाहुणे घड्याळ बघायचे, मागे मेकअप करून बसलेल्या लहान मुलांना झोप यायला लागायची, पालक कुजबुजायचे. तरी ते सावकाश, एकेक नाव पूर्ण घेऊन वाचायचे. शिष्यवृत्तीला बसलेले विद्यार्थी. तेव्हा ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा देणारे. हिंदीच्या परीक्षा देणारे. तालुक्याला लंगडीत खेळलेल्या मुली, त्या पहिल्याच फेरीत हरल्या असल्या तरी. इथवर सगळ्याच शाळा करतात. आमचे मुख्याध्यापक पुढे जायचे. वर्षभर फळा पुसणारी, वाचनपेटीची पुस्तकं मोजून ठेवणारी, पावसाळ्यात पहिलीच्या पोरांना ओढ्यापलीकडे सोडून येणारी, पिण्याच्या पाण्याचा पिंप घासणारी, अशी सगळ्यांची नावं त्या अहवालात असायची. मी नंतर मोजून पाहिलं नाही, पण शाळेतलं एकही मूल त्यातून सुटत नसावं, असा माझा पक्का विश्वास आहे. मुलाचं नाव माइकवरून आलं की मांडवात कुठेतरी एखादा बाप खुर्चीत सरळ होऊन बसायचा. मी ते पाहिलं आहे. माझ्या वडिलांना पाहिलं आहे.

आम्ही सहावीत असताना दिवाळीनंतर वर्गात एक मुलगी आली. तिचं कुटुंब बीडकडून ऊसतोडीला आलं होतं. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या. ऊसतोडीचा हंगाम संपला की ही माणसं परत जातात, म्हणजे ती मुलगी मार्चएप्रिलपर्यंतच राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गॅदरिंगच्या तालमी तर सुरू होऊन गेल्या होत्या. मराठीच्या बाईंनी तिला विचारलं, तुला काय येतं गं? ती म्हणाली, आईच्या ओव्या येतात. बाईंनी तिला तिथेच म्हणायला लावलं. जात्यावरच्या ओव्या, भावाची वाट बघणारी बहीण, माहेरची वाट, पाऊस न आलेली रानं. आमच्या भागातल्यापेक्षा वेगळी चाल, शब्दही काही वेगळे. वर्ग ऐकत राहिला.

बाईंनी कार्यक्रमपत्रिकेत जागा केली. कोणाच्या तरी घरून खरं जातं आणलं, दोन मुलांनी ते कसंबसं उचलून स्टेजवर ठेवलं. ती मुलगी बसली, मूठभर ज्वारी टाकली आणि दळता दळता गायली. टेप नाही, पेटी नाही. मांडवाच्या मागच्या बाजूला तिची आई आणि तिच्याबरोबरच्या चारपाच बायका उभ्या होत्या, दिवसभराच्या तोडीवरून तशाच आलेल्या. बाईंनी जाऊन त्यांना पुढच्या खुर्च्यांवर आणून बसवलं. नंतर पाहुण्यांनी बक्षीस म्हणून दिलेली वही आणि पेन त्या आईने पदरात घेतलं.

पुढच्या वर्षी ती आली नाही. टोळीच्या मुकादमाने त्यांना दुसऱ्या कारखान्याकडे नेलं असावं. पण त्या वर्षीच्या संमेलनात मुख्याध्यापकांनी अहवाल वाचताना, गेल्या हंगामात आपल्या शाळेत शिकून गेलेली विद्यार्थिनी म्हणून तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गावासकट वाचलं. ऐकायला तिच्या घरचं कोणी नव्हतं. तरी वाचलं. शाळा म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर ते आहे.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी पंगत. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी, मठ्ठा. परसातच लांबच लांब पट्ट्या अंथरून, पत्रावळींवर. आधी पहिली ते चौथी बसायची, मग मोठे, शेवटी शिक्षक. वाढप दहावीकडे. जिलेबी वाढायचं काम मिळणं हा दहावीचा मान. ताटावर आग्रह करता यायचा, आणि वर्षभर ज्या मास्तरांनी रागावलं त्यांनाही "सर, एक तरी घ्याच" म्हणून दोन वाढता यायच्या. गणिताचे सर एरवी हसायचे नाहीत. पंगतीत हसायचे.

पुढचे दिवस उताराचे. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. नायगाव आमच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातलं, त्यामुळे एकेका वर्षी एसटीने तिथे जाऊनही आलो. संक्रांतीचा तिळगूळ, 26 जानेवारीचं लेझीम. थंडी सरता सरता घाटांवर कृष्णाबाईचे उत्सव लागायचे, एका आळीचा झाला की दुसरीचा, आणि शाळेत हजेरी पातळ व्हायची. शिक्षकही प्रसादाच्या रांगेत भेटायचे. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, तो तेव्हा नवानवाच होता. मग दहावीचा निरोप, ज्यात रडणार नाही असं ठरवून आलेली मुलं आधी रडायची. आणि 1 मे ला झेंडावंदन झालं की निकाल.

शाळा अजून आहे. वाडा पाडून तिथे तीन मजली इमारत झाली, परसातल्या अर्ध्या जागेत स्टेज कायमचं बांधलं, टेबलांचे पाय धरायची गरज उरली नाही. सूचना आता मोबाइलवर येतात आणि माजी विद्यार्थी म्हणून मलाही येतात. परवाच यंदाच्या कार्यक्रमांची आली. हादग्याला या वर्षी मुलगेही फेर धरणार आहेत, हे वाचून मला फार आनंद झाला. खिरापतीसाठी रेंगाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मेणवलीचं वनभोजन आहे. चौथीची मुलं आज्यांकडून ओव्या लिहून घेऊन एक हस्तलिखित काढणार आहेत, डिसेंबरच्या संमेलनात ते प्रकाशित होईल. नव्या मुख्याध्यापिका बाई आमच्याच शाळेच्या विद्यार्थिनी; अहवाल लांबला तरी चालेल, नावं सगळी वाचायची, असं त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत ठरवून टाकलं आहे.

पंगतीला माजी विद्यार्थ्यांनी मदतीला यावं, असंही त्या सूचनेत आहे. मी लगेच नाव दिलं. मला मठ्ठ्याची बादली मिळाली आहे. जिलेबी वाढायला दहावीच, तो नियम अजून तसाच आहे.