प्रवासी गेले, स्थानक टिकले

जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन आराखडे करणे हा माझा व्यवसाय असला, तरी मँचेस्टरच्या लिव्हरपूल रोड स्थानकात काम केले तो दिवस मला विशेष वाटतो. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे हे मँचेस्टरकडचे टोक. मूळ इमारत अजून उभी असलेले इतके जुने प्रवासी टर्मिनस जगात दुसरे नाही.

दर्शनी भाग रस्त्यावरून पाहिला, तर स्थानक म्हणून ओळखूही येत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची दारे वेगळी आहेत. आत छेद-आराखड्यासाठी, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रासाठी, उंची घेत गेलो तसा या वेगळ्या रूपाचा उलगडा झाला: इर्वेल नदीवरील पुलावरून येणारे रूळ इमारतीच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्याच्या पातळीवर आहेत, त्यामुळे प्रवासी रस्त्यावरून आत येई आणि जिना चढून गाडीपाशी पोहोचे. रेल्वे स्थानक कसे असावे याचा नमुना तेव्हा कोणापुढेच नव्हता, हे त्या जिन्याशी उभे राहिल्यावर मनोमन पटते.

पहिल्या वर्गाच्या दारावर सूर्यघड्याळ आहे. ते दाखवते ती मँचेस्टरची स्थानिक वेळ, ग्रिनिचपेक्षा सुमारे 9 मिनिटांनी मागे असलेली. इंग्लंडमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्यांनी ग्रिनिचची वेळ स्वीकारली ती 1847 च्या सुमारास, आणि तोवर इथली प्रवासी वाहतूक बंदही झाली होती.

15 सप्टेंबर 1830 चे उद्घाटन ब्रिटिश खासदार विल्यम हस्किसन यांच्या इंजिनाखाली सापडून झालेल्या अपघाती मृत्यूमुळे सर्वांच्या लक्षात राहिले. मला मात्र 4 मे 1844 ही तारीख अधिक महत्त्वाची वाटते. त्या दिवशी प्रवासी गाड्या नव्या व्हिक्टोरिया स्थानकाकडे वळल्या आणि इथे फक्त माल उरला. गर्दी वाढली असती, तर ही इमारत पाडून मोठी बांधली गेली असती, याबद्दल मला शंका नाही. आपल्या बोरीबंदरचे 1853 चे मूळ स्थानक असेच व्हिक्टोरिया टर्मिनससाठी नाहीसे झाले. मालवाहतूक 1975 पर्यंत चालली आणि तिनेच हे छप्पर उभे ठेवले. 1983 पासून इथे संग्रहालय आहे.

म्हणून मालवाहतुकीच्या काळातील बदल मी आराखड्यात वेगळ्या रंगाने दाखवले आणि ते काढून टाकू नयेत, अशी स्पष्ट शिफारस अहवालात लिहिली.